जें मातीचें तें मातीस

मार्गशीर्ष-पौषांत ऊंसतोड भरांत आली म्हणजे रात्रीं नदीकांठच्या गांवांतून जातांना दोहों बाजूंस शेतें पेटलेलीं दिसतात. दुरून पाहणारास तो एखाद्या उत्सवाचा उजेड वाटावा. परंतु शेताच्या धन्यास विचारिलें, तर तो सहजपणें सांगतो, "पाचट पेटवून दिलें, रान मोकळें झालें." दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच काळी राख वाऱ्याबरोबर उडून घरोघरच्या अंगणांत पडते, आणि चार दिवसांनीं हें प्रकरण सर्वांच्या विस्मरणांत जातें.

हें काम आमच्याही हातून अनेक वर्षें घडलें आहे, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. एका हंगामांत आम्हीं लावलेली आग वारा फिरल्यामुळें बांध ओलांडून गेली. शेजारच्या रानांतील उभा ऊंस होरपळला व ठिबकच्या नळ्या वितळून गेल्या. पंचांसमोर बसून आम्हीं नुकसान भरून दिलें. त्या बैठकींत एका वृद्ध शेतकऱ्यानें विचारिलें, "शेजाऱ्याचें भरून दिलेंत, तुमच्या रानाचें कोण भरून देणार?" शेजारी आपलें नुकसान मागावयास आला, म्हणून तें आम्हांस दिसलें. जमीन मागावयास येत नाहीं. ती कांहीं वर्षें मुकाट्यानें सोसते आणि मग घटलेल्या उताऱ्याच्या रूपानें आपला हिशेब चुकता करिते. त्या प्रश्नाचें उत्तर शोधीत असतां जें वाचलें, पाहिलें व करून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचें या लेखांत योजिलें आहे.

सरळ रेघ आणि चक्र

'चक्राकार अर्थव्यवस्था' हा शब्द हल्लीं व्याख्यानांतून व वर्तमानपत्रांतून वारंवार कानीं पडतो. त्याचा अर्थ अवघड नाहीं. खाणींतून वस्तु काढावी, कारखान्यांत तिचा माल करावा, माल वापरावा आणि उरलेलें फेकून द्यावें, ही झाली सरळ रेघ. या रेघेच्या एका टोंकास खाण रिकामी होत जाते व दुसऱ्या टोंकास कचऱ्याचा ढीग वाढत जातो. उलटपक्षीं, एका कामांतून उरलेलें दुसऱ्या कामाचा कच्चा माल व्हावें, आणि शेवटीं जी वस्तु जेथून निघाली तेथें ती परत जावी, हें झालें चक्र.

शेतकऱ्यास ही कल्पना परकी नाहीं. कडबा बैलास, बैलाचें शेण उकिरड्यास, उकिरड्याचें खत शेतास आणि शेताचा कडबा पुन्हां बैलास, हें चक्र आपल्या वाडवडिलांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. परंतु पूर्वींचें सर्वच निर्दोष होतें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. शेणाच्या गोवऱ्या चुलींत जात, जनावरांचें मूत्र गोठ्याच्या भुईंत मुरे, आणि उघडा उकिरडा उन्हाळ्यांत वाळून व पावसाळ्यांत धुपून निम्मा निःसत्त्व होई. चक्र होतें, पण त्यास ठिकठिकाणीं भोकें होतीं.

आज तीं भोकें बुजविण्याऐवजीं आपण चक्रच मोडून त्याच्या दोन सरळ रेघा केल्या आहेत. एका रेघेनें खतांचीं पोतीं बाहेरून येतात. त्यांपैकीं पालाश देणारें म्युरेट ऑफ पोटॅश तर सर्वच्या सर्व परदेशांतून आणावें लागतें, आणि स्फुरदाचा कच्चा मालही बहुतांशीं बाहेरचाच असतो. दुसऱ्या रेघेनें तेंच पालाश व स्फुरद पाचटाच्या, शेणाच्या व सांडपाण्याच्या रूपानें शेतांतून व गांवांतून निघून जातें. पहिल्या रेघेसाठीं आपण रोख पैसे मोजतों. दुसऱ्या रेघेचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं.

हवेचें काय आणि मातीचें काय

हा हिशेब ठेवावयाचा तर पीक कशाचें बनतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. वाळलेल्या पिकाच्या शंभर भागांपैकीं नव्वदांहून अधिक भाग कर्ब, प्राणवायु व हायड्रोजन या तीनच मूलद्रव्यांचे असतात. कर्ब पानें हवेंतून घेतात; बाकीचीं दोन हवा व पाणी यांतून येतात. मातींतून येतो तो उरलेला थोडासा भाग. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम, गंधक, लोह, जस्त वगैरे येतात. हा भाग थोडा असला तरी त्यावांचून पीक उभें राहत नाहीं, आणि जमिनीच्या पेटींत त्याचा सांठा मोजकाच असतो.

आतां साखरेकडे पाहावें. साखरेच्या कणांत कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायु यांवांचून दुसरें कांहीं नाहीं. म्हणजे शुद्ध साखरेचें पोतें गांवाबाहेर गेलें, तर त्याबरोबर मातीचा एक कणही जात नाहीं. आपण ऊन, पाणी व हवा विकतों आणि त्याचे पैसे घेतों. हीच गोष्ट तुपाची, शुद्ध तेलाची, कापसाच्या स्वच्छ तंतूची आणि मद्यार्काची आहे. जाळ करून चालणारा शेणाचा वायु घेतला, तरी त्यांतील जळणारा भाग कर्ब व हायड्रोजन यांचाच असतो.

यावरून एक साधा नियम निघतो. जें हवेंतून आलें तें विकण्यास किंवा जाळण्यास हरकत नाहीं. जें मातींतून आलें तें मातीस परत केलें पाहिजे. या नियमास एक पुरवणी मात्र जोडावी लागते. मातींत असंख्य सूक्ष्म जीव व गांडुळें राहतात, आणि त्यांचें अन्न म्हणजे कुजणारा कर्ब. म्हणून हवेंतून मिळालेल्या कर्बाचाही एक घास दरवर्षीं जमिनीस द्यावा लागतो. तो न दिल्यास माती घट्ट होते, पाणी धरीत नाहीं आणि दिलेलें खत पिकास पुरतेपणीं लागत नाहीं. मातीच्या तपासणींत सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.५० पेक्षां कमी आला, तर ती जमीन कर्बाच्या बाबतींत गरीब समजावी.

इंदूरचा धडा

या विषयाचा शास्त्रीय पाया आपल्याच देशांत घातला गेला, हें वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ इ. स. १९०५ मध्यें पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेंत आले, आणि १९२४ पासून १९३१ पर्यंत त्यांनीं इंदूर येथील वनस्पति-उद्योग संस्थेंत काम केलें. तेथें त्यांचे सहकारी यशवंत वाड हे होते. या दोघांनीं मिळून शेतांतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर ओळखली जाते. तिचें वर्णन करणारें दोघांच्या नांवाचें पुस्तक १९३१ मध्यें प्रसिद्ध झालें. चीन, कोरिया व जपान येथील शेतकरी शेतांतील व गांवांतील प्रत्येक टाकाऊ वस्तु कशी जमिनीस परत करीत, याचें वर्णन अमेरिकन शास्त्रज्ञ किंग यांच्या १९११ च्या ग्रंथांत आलें होतें. त्याचा हॉवर्ड यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता.

इंदूर पद्धतींतील युक्त्या शेतकऱ्यास सहज पटण्यासारख्या आहेत. कपाशीच्या व तुरीच्या काड्या कठीण असल्यामुळें लवकर कुजत नाहींत. म्हणून तेथें त्या शेतांतील गाडीवाटेवर पसरीत. गाड्यांच्या चाकांखालीं व बैलांच्या खुरांखालीं त्या आपोआप चुरून जात. मग हा चुरा जनावरांखालीं अंथरावयाचा, म्हणजे मूत्र त्यांत शोषलें जाई. गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली मातीही खणून खतांत घालीत व तिच्या जागीं नवी माती टाकीत. हा सर्व माल शेण, राख व पाणी यांसह उथळ खड्ड्यांत थरांनीं भरून तीन वेळां उलथापालथ केली, कीं सुमारें तीन महिन्यांत खत तयार होई. यांत बाहेरून विकत आणावयाची वस्तु एकही नव्हती. जें नेहमीं फेकलें जाई, तेंच योग्य क्रमानें एकत्र आणलें जात होतें.

पाचट : प्रत्यक्ष कृति

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. एक हेक्टर उंसाच्या तोडणीनंतर साधारणपणें ८ ते १० टन, म्हणजे एकरीं ३ ते ४ टन पाचट मागें राहतें. एक टन पाचटांत सुमारें ४ ते ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद व ९ ते १० किलो पालाश असतें. शिवाय ३२० ते ४०० किलो सेंद्रिय कर्ब असतो. एकरीं ४ टन पाचट धरल्यास नत्र जवळजवळ एका युरियाच्या पोत्याइतकें आणि पालाश म्युरेट ऑफ पोटॅशच्या सव्वा पोत्याइतकें होतें. कर्ब सव्वा ते दीड टन. पाचट पेटविलें म्हणजे हा कर्ब जवळजवळ सगळा व नत्राचा बहुतेक भाग हवेंत जातो. पालाश राखेंत राहतें हें खरें. परंतु ती राख वाऱ्यानें उडते व पहिल्या जोराच्या पाण्याबरोबर वाहून जाते. त्या आंचेनें वरच्या थरांतील उपयुक्त जीवही मरतात. वृद्धाच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

न जाळतां काय करावें? ऊंस जमिनीलगत तोडून घ्यावा. खोडव्याचे बुडखे वर राहिले असल्यास धारदार कोयत्यानें जमिनीबरोबर छाटावे, म्हणजे फुटवे जमिनीखालून व जोमदार येतात. पाचटाचे ढीग बुडख्यांवरून ओढून सर्व सऱ्यांत सारखे पसरावे. नंतर एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारें जिवाणू-संवर्धक या प्रमाणांत द्यावें. संवर्धक चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून फेंकल्यास सर्वत्र सारखें पडतें. मग पाणी द्यावें. पाचट ओलें राहिलें तरच तें कुजतें.

हा युरिया कशासाठीं, असें कोणी विचारील. पाचटांत कर्ब फार व नत्र थोडें असतें. कुजविणाऱ्या जीवांस कर्बाबरोबर नत्रही लागतें. तें पाचटांत न मिळाल्यास ते जमिनींतील नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. पुष्कळ शेतकरी एकदां पाचट ठेवून पाहतात, ऊंस पिवळा पडलेला पाहून पुन्हां काडी लावतात, आणि पाचटास दोष देतात. दोष नत्र न दिल्याचा असतो. हें नत्र वायां जात नाहीं. पाचट कुजल्यावर तें पिकास परत मिळतें. खोडव्यास नेहमींचीं रासायनिक खतें द्यावयाचीं तीं पाचटावर फेंकूं नयेत. बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीनें भोक पाडून त्यांत घालावीं व भोक मातीनें बुजवावें.

सऱ्यांतून पाणी पुढें सरकत नाहीं अशी अडचण असल्यास पाचट एक आड एक सरींत भरावें व मोकळ्या सरीनें पाणी द्यावें. पाचटाच्या आच्छादनामुळें ओल अधिक दिवस टिकते व तणही दबतें, हा लाभ उन्हाळ्यांत डोळ्यांनीं दिसतो. एकेका पाण्याची किंमत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याहून अधिक सांगणें नको.

वाढे, शेण व मूत्र

उंसाचे हिरवे वाढे हें तोडणीच्या दिवसांतील गुरांचें मोठें अन्न आहे. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळें केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या जनावरांच्या अंगांतील चुना कमी होतो. म्हणून कुट्टी करून, तीवर चुन्याची निवळी शिंपडून, कोरड्या वैरणींत मिसळून ते द्यावे. वाढे गोठ्यांतून फिरून शेणाच्या रूपानें शेतास येतात, तेव्हां दूधही मिळतें आणि खतही मिळतें. चक्राचा हाच विशेष, कीं एकाच वस्तूपासून दोन-तीन वेळां लाभ होतो आणि शेवटीं ती मातीस मिळते.

जनावरांच्या उत्सर्गांतील नत्राचा सुमारें अर्धा भाग व पालाशाचा बराच मोठा भाग मूत्रांत असतो. शेण काळजीनें भरणारे आणि मूत्राकडे पाठ फिरविणारे शेतकरी रुपया जपून ठेवून दुसरा रुपया गटारांत टाकतात. गोठ्याची भुई मागील बाजूस उतार देऊन घट्ट करावी व शेवटीं लहान खड्डा ठेवावा. तेवढी सोय नसेल तर पाचटाचा किंवा काडाचा चुरा रोज जनावरांखालीं अंथरून दुसऱ्या दिवशीं तो खतांत टाकावा.

खताच्या अनेक पद्धती आहेत. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद येथील नारायणराव पांढरीपांडे यांनीं थोड्या शेणांत पुष्कळ खत करण्याची जी रीत बसविली, ती 'नाडेप' या नांवानें प्रसिद्ध आहे. ज्यांच्याकडे जनावरें थोडीं व काडीकचरा पुष्कळ, त्यांस ती फार सोयीची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असें विटांचें टांकें बांधावें. भिंतींत हवा खेळण्यासाठीं भोकें ठेवावीं. आंत सहा इंच काडीकचरा, त्यावर सुमारें चार किलो शेणाचें पाणी आणि त्यावर पन्नास-साठ किलो चाळलेली माती, असे थर देत टांकें भरावें. वर दीड फूट घुमटासारखा ढीग करून शेणमातीनें लिंपावें. दोन-तीन आठवड्यांत ढीग खालीं बसला म्हणजे पुन्हां भरून लिंपावें. ओल कमी झाल्यास भोकांतून पाणी शिंपडावें. नव्वद ते एकशेंवीस दिवसांत खत होतें. सबंध टांक्यास शेण लागतें तें शंभर किलोंच्या आंतच.

ज्यांच्याकडे चार-पांच मोठीं जनावरें आहेत, त्यांनीं शेण-वायूचें संयंत्र अवश्य बसवावें. मुंबईंत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिस्थानांत मैल्यापासून असा वायु घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिवे लावले होते. म्हणजे विद्या नवी नाहीं. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारें ५० किलो शेण व तितकेंच पाणी लागतें, आणि लहानशा कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. येथें वर सांगितलेला नियम अगदीं स्पष्ट दिसतो. गोवरी जाळली तर कर्बाबरोबर नत्रही गेलें. वायु जाळला तर हवेचें तेवढें हवेंत गेलें, आणि नत्र, स्फुरद, पालाश हीं बाहेर पडणाऱ्या राबड्यांत शिल्लक राहिलीं. चूलही पेटली व खतही वांचलें. घरांतील बायकांच्या डोळ्यांतला धूर गेला, हा लाभ वेगळाच. ही राबडी उन्हांत वाळूं देऊं नये. पाण्याबरोबर शेतांत सोडावी किंवा काडीकचऱ्यावर ओतून तो कुजवावा.

कारखान्याकडून येणें

शेताबाहेर गेलेला ऊंस मात्र आपल्या बरोबर माती घेऊन जातो. शंभर टन ऊंस गाळला म्हणजे सुमारें दहा-अकरा टन साखर होते. तीस टनांच्या आसपास चिपाड निघतें, ज्यास कारखान्यांत बगॅस म्हणतात. तीन ते चार टन गाळणीवरील मळी, म्हणजे प्रेसमड, निघते. आणि चार टनांच्या सुमारास मोलॅसिस उरतें. साखर हवेची, हें आपण पाहिलें. मातीचें जें होतें, तें या उरलेल्या वस्तूंत आहे. स्फुरद व चुना मुख्यतः मळींत, आणि पालाश मुख्यतः मोलॅसिसमध्यें. मोलॅसिसपासून मद्यार्क केला, कीं तें सर्व पालाश मागें राहिलेल्या सांडपाण्यांत येतें.

हेंच सांडपाणी कच्चें ओढ्यांत सोडलें, तर मासे मरतात व विहिरी नासतात. तेंच आटवून जाळलें, कीं राखेंत पालाश मिळतें. मोलॅसिसपासून मिळणाऱ्या या पालाशाचा समावेश सन २०२१ मध्यें केंद्र सरकारनें अनुदानित खतांत केला. त्यांत पालाशाचें प्रमाण शेंकडा १४.५ असतें. परदेशाहून येणाऱ्या पालाशाशेजारीं आपल्याच उंसांतून निघालेलें पालाश दुकानांत उभें राहिलें, ही गोष्ट लहान नाहीं.

महाराष्ट्रांतील उंसाच्या शेतकऱ्यास येथें एक विशेष सोय आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरानगर येथें शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना इ. स. १९५० मध्यें सुरू झाला, आणि पुढें राज्यभर तसे कारखाने निघाले. जो ऊंस घालतो तोच सभासद व मालक, असें ज्या कारखान्यांत आहे, तेथें मळी कोणाकडे जावी हें ठरविण्याचा हक्क सभासदांचा आहे. आम्ही वार्षिक सभेंत उंसाच्या दरावर तास-तास बोलतों. आपल्या मळीविषयीं एक प्रश्नही विचारीत नाहीं. प्रत्येक सभासदास त्यानें घातलेल्या उंसाच्या प्रमाणांत कुजविलेली मळी परत मिळावी, असा ठराव मांडण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. मळी ताजी न घालतां कुजवूनच घालावी, एवढें मात्र पाहावें.

माणसाचा भाग

चक्रांतील सर्वांत मोठें भोक कोणतें, हें बोलण्यास आपण संकोचतों. धान्य, डाळ व भाजी यांतून जें स्फुरद व नत्र माणसाच्या पोटांत जातें, तें बहुतेक सर्व मलमूत्रांतून बाहेर पडतें. कोंकणांत कणकवली येथें गोपुरी आश्रमांत आप्पासाहेब पटवर्धन यांनीं मैल्याचें खत करण्याचें काम स्वतःच्या हातानें केलें, आणि सफाईचें काम एका जातीच्या माथीं मारणाऱ्या रूढीस त्या कृतीनेंच उत्तर दिलें. आज दोन खड्ड्यांचा शौचकूप बांधणें कोणासही शक्य आहे. एक खड्डा भरल्यावर तो झांकून दुसरा वापरावा. पहिल्यांतील माल वर्षभर तसाच राहूं दिला, म्हणजे त्याची कोरडी, वास नसलेली माती होते. ती फळझाडांस घालावी. ताज्या मैल्यास किंवा शहराच्या कच्च्या सांडपाण्यास मात्र भाजीपाल्याच्या शेतांत कधींही येऊं देऊं नये. चक्र पुरें करण्याच्या उत्साहांत रोगाचें चक्र सुरू होतां कामा नये. शहरांतील कचऱ्याचें खत घेतांना त्यांत कांच, प्लॅस्टिक व विषारी धातु नाहींत, याची खात्री करून घ्यावी.

आक्षेप व मर्यादा

आमच्या परिचयांतील शेतकरी तीन आक्षेप घेतात. पहिला, मजूर मिळत नाहींत. हा खरा आहे. पाचट पसरण्यास माणसें लागतात. काडीस एक काडेपेटी पुरते. परंतु पाचटाची कुट्टी करणारें ट्रॅक्टरचें यंत्र आतां मिळतें. तें एकट्यास परवडत नाहीं, चौघांस परवडतें. दुसरा, उंदीर व कीड वाढते. पाचट ढिगानें पडून राहिलें तर तसें होतें. पसरून, दाबून, ओलें ठेवल्यास तें लवकर कुजतें व उंदरांस आसरा उरत नाहीं. तिसरा आक्षेप, लाभ दिसण्यास वेळ लागतो. याचें उत्तर असें, कीं नुकसान होण्यासही वेळच लागला होता. ज्या जमिनीचा कर्ब वीस-तीस वर्षें जळत गेला, ती एका हंगामांत पूर्ववत् होणार नाहीं.

या मार्गाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. चक्र कितीही जपलें तरी तें पूर्ण बंद होत नाहीं. कांदा, ज्वारी, दूध व भाजी शहरास जाते, त्याबरोबर मातीचा अंश जातो, आणि शहर तो परत पाठवीत नाहीं. शिवाय कांहीं नत्र हवेंत उडतें व कांहीं पाण्याबरोबर खोल जातें. तेवढी तूट डाळवर्गाच्या पिकांच्या फेरपालटीनें आणि माती तपासून दिलेल्या खतानें भरून काढावी लागतेच. म्हणून रासायनिक खत एकदम सोडावें, असें आम्ही सुचवीत नाहीं. जें आपल्या दारांत आहे तें आधीं वापरावें, आणि तूट राहील तेवढेंच विकत आणावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आरंभ कसा करावा

एकदम सर्व शेतांत फेरफार करूं नये. या हंगामांत अर्धा एकर खोडवा निवडावा. त्याची माती तपासून सेंद्रिय कर्बाचा आंकडा वहींत लिहून ठेवावा. त्यांत पाचट वर सांगितल्याप्रमाणें कुजवावें आणि शेजारचा अर्धा एकर नेहमींप्रमाणें ठेवावा. दोहोंस किती पाण्याच्या पाळ्या लागल्या, किती खत विकत आणलें, किती मजुरी पडली व वजन किती आलें, हें लिहीत जावें. तीन वर्षांनीं पुन्हां माती तपासावी. आमच्या सांगण्यापेक्षां त्या वहीवर शेतकऱ्याचा विश्वास अधिक बसेल, आणि तसा बसावाही.

गांवच्या शेतकरी संस्थांनींही तीन गोष्टी कराव्या. कुट्टीचें यंत्र सामाईक घेऊन पाळीपाळीनें वापरावें. जिवाणू-संवर्धक तोडणीपूर्वीं आणून ठेवावें, कारण तें वेळेवर न मिळाल्यामुळेंच पुष्कळ ठिकाणीं काडी लागते. आणि कारखान्याच्या सभेंत मळीचा ठराव आणावा.

ज्या शेजाऱ्याचा ऊंस आमच्या आगीनें होरपळला, त्याच्या व आमच्या बांधावर आतां आग लागत नाहीं. आम्हां दोघांनीं मिळून पाचट ठेवण्यास सुरुवात केली तेव्हां पहिल्या वर्षीं गांवांत थट्टा झाली, आणि युरिया कमी पडल्यामुळें एका कोंपऱ्यांतील खोडवा पिवळाही पडला. पुढल्या वर्षीं ती चूक सुधारली. आतां पावसाळ्याच्या तोंडीं सरींत हात घातला, तर अर्धवट कुजलेल्या पाचटाखालीं ओली, भुसभुशीत माती लागते आणि तींत गांडुळें असतात. ज्या रानांत आम्हीं कित्येक वर्षें गांडूळ पाहिलें नव्हतें, तेंच हें रान. त्या वृद्ध शेतकऱ्यास हें दाखविलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "रानाचें देणें फिटूं लागलें आहे, मध्यें खंड पाडूं नका."